भिन्नस्वर गलगंड आणि आपले कर्तव्य

शिवडीचे नाव निघाले की अलीकडे लोकांना समुद्रसेतू आठवतो, अथवा खाडीच्या चिखलात उतरणारे रोहित पक्षी. आम्हां वैद्यमंडळींना मात्र शिवडी म्हटले की अद्यापि महापालिकेचे क्षयरोग रुग्णालयच आठवते. या परिसरात व्यवसाय करणारे वैद्य त्या रुग्णालयाच्या शेजारात वाढले आणि त्यातून एक शिस्त त्यांच्या अंगवळणी पडली. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेला रुग्ण आला, की आधी थुंकीची तपासणी. सितोपलादी आणि वासावलेह त्यानंतर. असे केल्याने आयुर्वेदाला कमीपणा येतो, असे आज आपल्यापैकी कोणी म्हणत नाही. राजयक्ष्म्याचे वर्णन आपल्या संहितांत आहे म्हणून क्षयाचा रुग्ण केवळ आपल्याच औषधांवर धरून ठेवावा, असा आग्रहही कोणी धरीत नाही.

हीच शिस्त गलगंडाच्या बाबतीत आपण अद्याप लावून घेतलेली नाही, असे आम्हांस खेदपूर्वक नमूद करावे लागते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, झपाट्याने वाढणाऱ्या आणि आवाज बदलवणाऱ्या गलगंडाचा रुग्ण आपल्या दवाखान्यात अथवा औषधी दुकानात आला असता आपण काय करावे आणि काय करू नये, याविषयी सभासदांनी एकमताने विचार करावा.

प्रथम आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी गोदीतून निवृत्त झालेले, पासष्टी ओलांडलेले एक गृहस्थ आमच्याकडे आले. गळ्याची गाठ त्यांना वीस वर्षांपासून होती. ती कधी दुखली नव्हती, कधी वाढली नव्हती. गेल्या तीन आठवड्यांत मात्र सदऱ्याचे वरचे बटण लागेनासे झाले होते. सोबत आलेला मुलगा म्हणाला, “डॉक्टर, बाकी काही त्रास नाही. फक्त आवाज बसलाय.” रक्ताचा अहवाल त्यांनी आणलाच होता आणि त्यात थायरॉईडचे सर्व आकडे सामान्य होते. तो अहवाल पाहून आम्ही निर्धास्त झालो. कांचनार गुग्गुळ, वरून लेप आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवावयास सांगितले.

पंधरा दिवस पुरे होण्याआधीच एका रात्री त्यांना श्वास घेता येईना. परळच्या रुग्णालयात नेऊन रातोरात गळ्यास छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी घालावी लागली. त्यानंतर गाठीच्या तुकड्याची तपासणी झाली आणि निदान आले: ॲनाप्लास्टिक कर्करोग. चार महिन्यांत ते गेले. आमच्या पंधरा दिवसांमुळे ते गेले, असे कोणी म्हटले नाही आणि आम्हीही तसे म्हणत नाही. परंतु ते पंधरा दिवस त्यांचे होते, आमचे नव्हते. शुद्धीवर असताना, बोलता येत असताना, मुलाबाळांशी विचारविनिमय करून उपचारांचा निर्णय घेण्याची संधी त्यांना मिळावयास हवी होती. ती आमच्या चिठ्ठीने हिरावून घेतली. हा सल अद्यापि जात नाही.

या चुकीचा विचार करताना आम्ही पुन्हा सुश्रुताकडे वळलो. निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचे निदान एकत्र सांगितले आहे, हे आपण सर्व जाणतो. परीक्षेसाठी वातज, कफज आणि मेदोज गलगंडाची लक्षणे आपण पाठ केली. मात्र कोणता गलगंड वैद्याने वर्ज्य करावा, हे सांगणारा भाग आपण घाईने ओलांडतो. ज्याला श्वासास कष्ट होतात, ज्याचे सर्व अंग शिथिल झाले आहे, ज्याला अन्नाची रुची उरली नाही, जो क्षीण झाला आहे, ज्याच्या गाठीला वर्ष उलटून गेले आहे आणि ज्याचा स्वर फुटला आहे, असा गलगंडी वर्ज्य, असा तेथील आशय आहे. त्याच अध्यायात मर्मस्थानी अथवा स्रोतसांत उद्भवलेले, जागचे न हलणारे अर्बुदही असाध्य म्हटले आहे.

सुश्रुताचा गलगंड आणि आजचा थायरॉईडचा कर्करोग एकच, असे आम्ही म्हणणार नाही. असे समीकरण मांडणे दोन्ही शास्त्रांवर अन्याय करणारे आहे. परंतु आजचा शल्यचिकित्सक गळ्यातील गाठीबाबत जी धोक्याची चिन्हे विचारतो, ती या यादीशी किती जुळतात, हे पाहण्यासारखे आहे. आवाज का फुटतो, तर स्वरयंत्राला चालना देणारी नस गाठीने ग्रासलेली असते. गाठ जागची का हलत नाही, तर ती श्वासनलिकेला आणि आसपासच्या स्नायूंना चिकटलेली असते. श्वासास कष्ट का, तर श्वासनलिका दबलेली असते. प्राचीन आचार्यांनी केवळ डोळ्यांनी आणि कानांनी जे टिपले, तेच आम्ही अहवालाचा कागद हाती असताना नजरेआड केले.

आता मुख्य प्रश्न ‘वर्ज्य’ या शब्दाचा. ज्या काळी या रोगावर कोणाच्याच हाती काही नव्हते, त्या काळी वर्ज्य म्हणजे हात न घालणे. आज शिवडीहून चालत निघालेला माणूस अर्ध्या तासात परळला पोहोचतो. तेथे 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. त्याच परिसरात 1963 पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सारी औषधोपचार केंद्र आहे, जेथे थायरॉईडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार होतात. आणि शेजारी 1926 पासून केईएम रुग्णालय अहोरात्र उघडे आहे. अशा ठिकाणी बसलेल्या वैद्याने ‘वर्ज्य’ या शब्दाचा अर्थ ‘तत्काळ योग्य हाती सोपवावा’ असाच घेतला पाहिजे. चरकाचार्यांनी गुल्माच्या चिकित्सेत पक्व गुल्म शल्यतंत्राच्या जाणकारांकडे सोपविण्यास सांगितले, तेव्हा त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

थायरॉईडच्या कर्करोगाची जातकुळी थोडक्यात ध्यानी घ्यावी, कारण सर्व कर्करोग सारखे नाहीत. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर हे बहुसंख्य. ते सावकाश वाढतात, शस्त्रक्रिया आणि आवश्यक तेथे किरणोत्सारी आयोडीन यांनी बहुतेक रुग्ण दीर्घकाळ जगतात. मेड्युलरी हा वेगळ्या पेशींचा. सुमारे चतुर्थांश रुग्णांत तो आनुवंशिक असतो, म्हणून त्यात घरातील इतरांचीही तपासणी करावी लागते. ॲनाप्लास्टिक हा सर्वांत उग्र. एकूण रुग्णांत त्याचा वाटा जेमतेम एक ते दोन टक्के. परंतु निदानानंतर निम्मे रुग्ण साधारण पाच-सहा महिन्यांतच दगावतात, असा आजवरचा अनुभव आहे. हा बहुधा साठीनंतर होतो, अनेकदा जुन्या गलगंडातून उद्भवतो आणि आठवड्यांच्या हिशेबाने वाढतो. त्याच्या पेशी आयोडीन शोषून घेण्याची शक्ती गमावून बसलेल्या असतात, त्यामुळे किरणोत्सारी आयोडीनचा त्यावर उपयोग होत नाही. निदानाच्या क्षणीच त्याची गणना चौथ्या अवस्थेत होते.

मग एवढ्या उग्र रोगात घाई करून काय साधणार, असे कोणी विचारील. तीन गोष्टी साधतात. पहिली, झपाट्याने वाढणारी प्रत्येक गाठ ॲनाप्लास्टिक नसते. थायरॉईडमध्ये लिम्फोमाही असाच वेगाने वाढतो आणि तो औषधोपचार व किरणोपचार यांना उत्तम दाद देतो. केवळ हाताने चाचपून ‘असाध्य’ म्हणून सोडून दिलेला रुग्ण वस्तुतः बरा होण्याजोगा असू शकतो. दुसरी, गाठ अद्याप काढण्याजोगी असेल तर शस्त्रक्रियेची संधी काही दिवसांचीच असते. तिसरी, ॲनाप्लास्टिकच्याही काही रुग्णांत बीआरएएफ नावाच्या जनुकात विशिष्ट बदल आढळतो. अशांसाठी डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या जोडऔषधास अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली. त्याने काहींची गाठ झपाट्याने ओसरते आणि आयुष्य वाढते. म्हणूनच या रोगात जनुकीय तपासणी अविलंब करण्यावर तज्ज्ञांचा भर असतो. सारांश, साध्यासाध्यतेचा निर्णय गाठीच्या तुकड्यावरून होतो आणि तो तुकडा आपल्या दवाखान्यात निघत नाही.

येथे सर्वांत घातक गैरसमजाविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. टीएसएच, टी-तीन, टी-चार हे आकडे ग्रंथीचे काम सांगतात, गाठीचा स्वभाव सांगत नाहीत. थायरॉईडच्या कर्करोगात हे आकडे बहुधा सामान्यच असतात. “रिपोर्ट नॉर्मल आहे” हे वाक्य रुग्णाच्या तोंडी समजण्यासारखे आहे. वैद्याच्या तोंडी ते अक्षम्य आहे. गाठीची परीक्षा म्हणजे सोनोग्राफी आणि सुईने काढलेल्या पेशींची अथवा तुकड्याची तपासणी.

अर्थात प्रत्येक गलगंडाच्या रुग्णास कर्करोगाचे भय घालावे, असे आम्ही सुचवीत नाही. गळ्यातील बहुतांश गाठी निरुपद्रवी असतात. म्हणूनच मोजके प्रश्न मनाशी पक्के असावेत. गाठ गेल्या काही आठवड्यांत वाढली काय? आवाज दोन-तीन आठवड्यांपासून बदलला आहे काय? घास अडकतो काय? उताणे निजल्यावर श्वास कोंडतो काय? गाठ दगडासारखी कठीण आहे काय, गिळताना वरखाली हलते काय? मानेच्या बाजूस इतर गाठी लागतात काय? लहानपणी मानेवर किरणोपचार झाले होते काय? घरात कोणास थायरॉईडचा कर्करोग झाला होता काय? यांपैकी कोणतेही उत्तर संशयास्पद आले, तर त्या दिवशी औषध न देता चिठ्ठी द्यावी. श्वास घेताना घशातून शिटीसारखा अथवा घर्र असा आवाज येत असेल, तर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेचा विचारही न करता रुग्णास बसत्या स्थितीत जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. अशा रुग्णास तपासण्यासाठीदेखील उताणे निजवू नये. गाठीवर लेप, मर्दन, अग्निकर्म, जलौका; तसेच वमन आणि नस्य, यांपैकी काहीही करू नये.

चिठ्ठी कशी असावी, तेही सांगतो. गाठ केव्हापासून आणि किती दिवसांत वाढली, आवाज केव्हा बदलला, आणि आजवर कोणती औषधे दिली, ती नावानिशी, भस्मांसह. आपल्या औषधांची नावे लिहिण्यास अनेक वैद्य संकोच करतात. रुग्णही ती रुग्णालयात लपवतो. या लपवाछपवीतून अपाय रुग्णालाच होतो.

येथपर्यंत जे लिहिले त्यावरून आपले काम चिठ्ठी देताच संपते, असे कोणी समजू नये. खरे काम तेथून सुरू होते. परळच्या रुग्णालयांत रुग्णांची गर्दी अफाट. तेथील तज्ज्ञाला एका रुग्णासाठी मिळणारी मिनिटे मोजकी. घरी परतलेला रुग्ण आणि त्याचे नातलग शंका विचारावयास येतात ते आपल्याकडे. त्या वेळी काय सांगावे, याचे ज्ञान आपणास हवे.

शस्त्रक्रियेने ग्रंथी काढलेल्या रुग्णास ओठांभोवती मुंग्या आल्या, हाताची बोटे वळू लागली, तर ती वातव्याधी समजून तेल चोळीत बसू नये. रक्तातील कॅल्शियम उतरल्याचे ते चिन्ह असते आणि रुग्णास त्वरित परत पाठवावे लागते. पॅपिलरी अथवा फॉलिक्युलरच्या रुग्णास थायरॉक्सिन काही वेळा मुद्दाम चढ्या मात्रेत दिलेले असते, जेणेकरून टीएसएच दबून राहावे आणि उरल्यासुरल्या पेशींना चेतना मिळू नये. असा अहवाल पाहून “थायरॉईड जास्त झाले आहे, गोळी कमी करा” असा सल्ला देणारे व्यावसायिक आमच्या पाहण्यात आहेत. ती गोळी आपण ठरविलेली नाही. ती आपण कमी करू नये. ती उपाशीपोटी घ्यावयाची असते. शंखभस्म, प्रवाळ, मुक्ताशुक्ती, मंडूर, लोहभस्म यांतील कॅल्शियम आणि लोह तिचे शोषण रोखतात, म्हणून त्यांत निदान चार तासांचे अंतर हवे. किरणोत्सारी आयोडीन देण्यापूर्वी रुग्णास एक-दोन आठवडे अल्प आयोडीनयुक्त आहार सांगितलेला असतो. अशा वेळी आपल्या कोळीवाड्यांतील आणि कोकणातून आलेल्या कुटुंबांना समजावून सांगावे लागते की ताजी मासळीच नव्हे, तर सुकट, बोंबील, जवळाही बंद. आयोडीनयुक्त मीठ बंद. आणि सैंधवाच्या पाकिटावरही आयोडीन घातल्याचा उल्लेख आहे की नाही, हे वाचून घ्यावे. हे समजावणे आपल्याइतके चांगले कोण करील?

रोग पुढे गेलेल्या काही रुग्णांना लेनव्हॅटिनिबसारखी औषधे दिली जातात. त्यांनी रक्तदाब चढतो. यष्टिमधुही अधिक मात्रेत रक्तदाब चढवते आणि शरीरातील पोटॅशियम घटवते. मिरी व पिंपळीतील पायपरीन हे द्रव्य यकृतातील काही औषधांच्या विघटनाची गती बदलते. म्हणून त्रिकटूसारखा नित्याचा कल्पही अशा रुग्णास विचारल्यावाचून देऊ नये. पारद, सोमल अथवा हरताळयुक्त कल्प तर मुळीच नकोत. 2004 मध्ये अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा अथवा सोमल आढळला आणि जगभर आपली बदनामी झाली. त्या अनुभवातून आपण शहाणे झाले पाहिजे.

याउलट आपल्या हाती जे आहे, ते लहान नाही. किरणोपचारांनी तोंड आणि घसा सोलवटतो, तेव्हा यष्टिमधूचा स्थानिक उपयोग काही लहान अभ्यासांत गुणकारी दिसला आहे. मात्र ज्याला गिळण्याचा त्रास आहे त्याला काढा श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून गुळण्याही तज्ज्ञाच्या संमतीनेच. वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णास मलावष्टंभ हमखास होतो. तेथे मृदू अनुलोमनाचा विचार उपचार करणाऱ्यांशी बोलून करता येतो. पेज, सूप, मऊ भात यांची घनता रुग्णाच्या गिळण्याप्रमाणे कशी ठेवावी, निद्रा कशी येईल, पाठीला व्रण कसे पडणार नाहीत, याकडे घरी जाऊन लक्ष देणारा वैद्य कुटुंबास देवासारखा वाटतो. मॉर्फिनविषयीचे भय घालवणे हेही आपलेच काम. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वेदनाशमनासाठी ते मिळण्याचा मार्ग सुकर झाला आहे. अखेरच्या दिवसांत वांद्रे येथील 1986 पासून चालू असलेल्या शांती अवेदना सदनासारख्या संस्थेची माहिती देणे, गावाहून आलेल्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा सुचवणे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करण्यासाठी रुग्णालयातील समाजसेवकाकडे पाठवणे, यांसाठी पदवी लागत नाही, आस्था लागते.

औषधी दुकानदार बंधूंना एक वेगळी विनंती. गळ्याला गाठ आहे असे सांगून कांचनार गुग्गुळ मागणारा ग्राहक आपल्याकडे वैद्याआधी येतो. शार्ङ्गधरोक्त हा कल्प उत्तम आहे, पण उग्र कर्करोग त्याने आटोक्यात येतो, असा विश्वसनीय पुरावा नाही. “गाठ किती दिवसांत वाढली? आवाज बदलला आहे का?” एवढे दोन प्रश्न विचारून मग बाटली द्यावी, किंवा देऊ नये. कर्करोग आणि गलगंड हे दोन्ही रोग 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात आहेत. त्यांवर हमखास उपाय असल्याचे फलक वा पत्रके दुकानात लावणे गुन्हा ठरतो. कायद्याचे सोडा, त्या फलकाच्या भरवशावर एखादा रुग्ण महिनाभर घरी बसला, तर त्या महिन्याचा हिशेब कोण देणार?

आमच्या या मतावर आक्षेप येतील. पहिला, असे केल्याने रुग्ण आपल्या हातून जातो. अनुभव उलट आहे. वेळीच पाठवलेला रुग्ण, अथवा त्याचे कुटुंब, परत येते. उशीर झालेला येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रुग्ण स्वतःच शस्त्रक्रियेला आणि सुईला नकार देतो, “सुई टोचली की गाठ पसरते” म्हणतो; तेव्हा काय करावे? तेव्हा त्याला हाकलून देऊ नये आणि त्याच्या भीतीचा लाभही घेऊ नये. सुईच्या तपासणीने रोग पसरत असल्याची भीती अनाठायी आहे, हे शांतपणे सांगावे. निदान तपासणी तरी करून घेण्यास राजी करावे. उपचार घ्यावयाचे की नाही, हे निदान कळल्यावर ठरवता येईल, असे पटवावे. तरीही नकार राहिला, तर वेदनाशमनाच्या तज्ज्ञांशी त्याची गाठ घालून द्यावी आणि आपण त्याच्या घरी जात राहावे. तिसरा आक्षेप असा की, कर्करोगात आयुर्वेदाचे संशोधन व्हावयास नको काय? अवश्य व्हावे, परंतु ते निदान झालेल्या रुग्णावर, नोंदी ठेवून, आधुनिक तज्ज्ञांच्या सहकार्याने व्हावे. एकेकट्या वैद्याने बंद दाराआड केलेला प्रयोग म्हणजे संशोधन नव्हे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात सांगितले आहे की, असाध्य रोगाची चिकित्सा पत्करणारा वैद्य अर्थ, विद्या आणि यश गमावतो व लोकनिंदेस पात्र होतो. आम्ही त्यात नम्रपणे एवढीच भर घालू की, अशा वेळी वैद्य जे गमावतो त्याहून रुग्ण अधिक गमावतो. क्षयाच्या बाबतीत शिवडीच्या वैद्यांनी जी शिस्त अंगी बाणवली, ती गलगंडाच्या बाबतीतही बाणवता येईल. आमची सूचना अशी की, वर दिलेले आठ प्रश्न प्रत्येक सभासदाने एका कागदावर लिहून आपल्या तपासणीच्या मेजावरील काचेखाली ठेवावेत आणि दुकानदार बंधूंनी त्यांतील पहिले दोन गल्ल्याशेजारी लावावेत. आमच्या मेजावर तो कागद आहे. तो थोडा उशिरा आला, एवढेच.

इत्यलम्.